दोन नोकऱ्या आणि डोकं कायम चालू, कोणाला असं होतं का?

दिवसा ऑफिस आणि रात्री तीन-चार तास दुसरं ऑनलाइन काम, कर्ज फिटेपर्यंत दुसरं सोडता येणार नाही. दमायला होतं ते ठीक आहे पण हल्ली एका कामात बसले की दुसऱ्याचेच विचार चालू असतात, सुट्टीच्या दिवशीपण छातीत धडधडतं आणि घरच्यांवर उगाच ओरडते मी. ही नुसती दमणूक आहे की मनावर खरंच परिणाम होतोय?

उत्तर १
होतो ताई, आणि नुसत्या तासांमुळे नाही. कामाच्या ठिकाणच्या वागणुकीवर संशोधन करणाऱ्या सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये यावर अभ्यास मांडला होता, काम अर्धवट टाकून दुसऱ्याला लागलं की थोडं लक्ष मागच्यातच अडकून राहतं. तुमचं तर रोज तेच होतंय. नंतरच्या त्यांच्याच अभ्यासात दिसलं की उठण्याआधी कुठे थांबलो आणि परत आल्यावर आधी काय करायचं हे पटकन लिहून ठेवलं तर पुढच्या कामात लक्ष बरं लागतं. मी हे करते, मधे थोडं चालूनही येते, खूप फरक पडतो.

उत्तर २
माझा अनुभव वेगळा आहे. मी शनिवार-रविवार शिकवतो आणि त्यानेच आठवड्याभराचा शीण जातो, कारण ते मी आवडीने घेतलंय आणि नको वाटलं तर सोडू शकतो. तुम्हाला तो पर्याय नाही, खरा ताण तिथे आहे असं मला वाटतं. निदान वेळ तरी तुमच्या हातात येते का बघा, रोज रात्रीऐवजी ठरावीक तीन दिवस वगैरे.

उत्तर ३
वेळ बदला पण एकूण तास आधी मोजा हो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१ मध्ये सांगितलंय, आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना ३५-४० तासवाल्यांपेक्षा स्ट्रोकचा धोका अंदाजे ३५ टक्के जास्त. आणि धडधड टेन्शनचीच आहे असं धरून चालू नका, थायरॉइड किंवा रक्त कमी असलं तरी होते, डॉक्टरांना दाखवा. झोप किती होते?

मूळ प्रश्नकर्ती
जेमतेम पाच तास. तास मोजले तर साठच्या वर जातात, एवढे असतील वाटलं नव्हतं. डॉक्टरांची वेळ घेते या आठवड्यात. तीन दिवसांचं रात्रीच्या कामावर विचारून बघते, पैसे कमी झाले तर हप्ता कमी करून मुदत वाढवून मिळते का तेही बँकेत विचारावं लागेल, कोणी केलंय का असं?