कप, औंस, गॅलन: मापं बदलताना नेमकं कुठे चुकतं?

अमेरिकी मापं मिली-लिटरमध्ये बदलताना गडबड कुठे होते, तेवढंच लिहा. आकडे आणि कृती हवी. 'अंदाजे घ्या' नको, ते सगळ्यांनाच येतं.

केकवाली: अमेरिकी कप २३६.६ मिलीचा. तिथल्या पाकिटांवरच्या पोषणतक्त्यात तो २४० धरतात, मेट्रिक कप २५०. सगळं एकाच कपाने मोजलं तर प्रमाण टिकतं. गोची अंड्यांची, ती कपाबरोबर मोठी होत नाहीत. मैदा मात्र कपाने मोजूच नये. चमच्याने हलका भरला तर कपात १२० ग्रॅम, डब्यात कप खुपसून काढला तर १४०-१५०. दोन कपांत पन्नासेक ग्रॅम जास्त, मग केक कोरडा होतो आणि दोष ओव्हनला! साखर अशी दबत नाही, कपाला २०० ग्रॅम धरा. 'एक स्टिक' बटर म्हणजे अर्धा कप, ११३ ग्रॅम. आपला १०० ग्रॅमचा पुडा कमी पडतो.

न्यू जर्सीकर: राईस कुकरसोबतचा कप यात आणू नका, तो बहुधा १८० मिलीचा असतो. आणि 'औंस' दिसला की आधी 'फ्लुइड' शब्द शोधा. फ्लुइड औंस २९.६ मिली, वजनाचा औंस २८.३५ ग्रॅम. पाण्यात खपून जातं, मधात नाही: ८ फ्लुइड औंस मध साधारण ३३५ ग्रॅम भरतो, ८ औंस वजनाचा फक्त २२७.

केकवाली: बरोबर. ऑस्ट्रेलियन पाककृती असेल तर टेबलस्पूनही तपासा. तिकडे २० मिली, अमेरिकेत १४.८.

आरओवाला: पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्राच्या मेंब्रेनवरचं (पाणी गाळणाऱ्या पडद्यावरचं) '७५ जीपीडी' म्हणजे दिवसाला ७५ अमेरिकी गॅलन. गुणिले ३.७८५, म्हणजे २८४ लिटर. तासाला बाराच्या आत. ब्रिटिश गॅलनचा ४.५४६ वापरला की उत्तर १४ येतं आणि चांगलं मेंब्रेन विनाकारण बदललं जातं. शिवाय छापील आकडा २५ अंशांच्या पाण्याचा. थंडीत धार बारीक होणारच. तपासायचं तर टाकीकडे जाणारी नळी काढून शुद्ध पाणी पाच मिनिटं मोजपात्रात धरा आणि बाराने गुणा. पाच मिनिटांत लिटरभर आलं तर मेंब्रेन ठीक.

गाडीवाला: मायलेजलाही हाच घोळ. अमेरिकी गॅलनला ३० मैल म्हणजे लिटरला १२.७५ किमी (गुणिले ०.४२५). ब्रिटिश आकडा असेल तर ०.३५४ ने गुणा, १०.६ येतील.