'हँडहेल्ड' आणि 'पोर्टेबल': मराठीत दोन शब्द हवेत

अर्धविराम: जुन्या संगणकांच्या प्रदर्शनातल्या माहितीफलकांचा अनुवाद करतेय. मुळात 'पोर्टेबल' आणि 'हँडहेल्ड' हे वेगवेगळे वर्ग आहेत. ऑसबोर्न १ (१९८१) ला मी 'सुवाह्य' म्हटलं, तपासणाऱ्यांनी खोडलं. म्हणे, ११ किलोचं धूड, त्यात 'सु' कुठे दिसला? पायलट १००० (१९९६) या हातात मावणाऱ्या छोट्या संगणकाला 'हातसंगणक' लिहिलंय. चालेल?

जोडाक्षर: नको. हातमाग, हातपंप, हातगाडी. यांत हात म्हणजे यंत्र चालवणारं बळ. लोक दांडा फिरवून चालणारा संगणक शोधतील.

उकार: हातरुमालाला कोणता दांडा असतो? हातकंदील तर हातात धरायचाच. चालेल.

तत्सम: 'करसंगणक' करा की. भारदस्त आहे.

जोडाक्षर: आणि प्राप्तिकर किती भरायचा ते तो सांगणार! तुम्ही मागे लॅपटॉपला 'अंकसंगणक' सुचवला होतात. अंक म्हणजे मांडी हे कुणाच्या लक्षात येतं? सगळे आकडेच समजतात.

तत्सम: मग 'वहनीय' तरी घ्या.

उकार: वहन विजेचंही असतं. सर्किटवाल्यांना तो तारेचा गुण वाटेल.

पेन्सिलसेल: आधी वस्तू बघा, मग शब्द. ऑसबोर्नला पाच इंची पडदा होता आणि आत बॅटरी नव्हती, म्हणजे जिथे न्याल तिथे सॉकेट हवंच. उचलून 'नेता' येतो, नेताना वापरता येत नाही. टीआरएस-८० मॉडेल १०० (१९८३) चार पेन्सिल सेलवर साधारण २० तास चाले, पडद्यावर ४० अक्षरांच्या आठ ओळी. तो मांडीवरचा. पायलट एका हातात धरायचा आणि दुसऱ्या हातातल्या काडीने लिहायचं. माझं मत: उचलता, मांडीवरचा, मुठीतला.

तत्सम: काडी? दात कोरायचेत का? 'लेखणी' म्हणा. 'लिख्' धातूचा मूळ अर्थच ओरखडणे. ताडपत्रावर लोखंडी टोकाने कोरत, तसंच हे.

पेन्सिलसेल: पायलटपुरतं मान्य. त्याच्या पडद्यावर दोन थर, मध्ये बारीक फट. टोक दाबलं की थर टेकतात आणि जागा कळते, म्हणून नखानेही चालतं. पुढच्या फोनांच्या काचेला दाब कळत नाही, वीजवाहक टोक लागतं. तिथे पायलटची प्लॅस्टिकची काडी कितीही घासा, ढिम्म. शिवाय पायलटवर लिहिताना इंग्रजी 'ए' ची आडवी रेघ द्यायचीच नाही, नाहीतर ती वेगळी खूण समजली जाते. तुमची लेखणी अशा अटी घालते का?

उकार: बोरूही घालायचा. तो तिरका कापलेला नसेल तर अक्षराला जाडबारीकपणा येत नाही.

जोडाक्षर: टॅबलेटला 'पाटी' म्हणावं का? 'गोळी' तरी टळेल.

पेन्सिलसेल: पायलटलाच जास्त शोभेल, तो खरंच कोरा व्हायचा. नोंदी रॅममध्ये, आणि ती दोन बारीक सेलवर जगायची. सेल काढल्यावर आतला कपॅसिटर (थोडी वीज साठवणारा भाग) जेमतेम मिनिटभर तग धरी. म्हणून आधी डेस्कटॉपशी सिंक (तिथे नोंदींची प्रत), नवे सेल हाताशी, मग जुने काढायचे. मागच्या भोकात सरळ केलेली पेपरक्लिप टोचली तर फक्त नव्याने सुरू व्हायचा, नोंदी शाबूत. पॉवरचं बटण दाबून धरून टोचली आणि पुढच्या प्रश्नाला होकार दिला, की सगळं साफ.

जोडाक्षर: मग पहिल्याला 'पुनरारंभ', दुसऱ्याला 'पाटी पुसणे'. झकास.

तत्सम: 'पुसणे' म्हणजे विचारणेही. 'मार्जन' घ्या.

उकार: मांजराला म्हणा ते. संस्कृतात मार्जार, अंग साफ करणारा!

अर्धविराम: मंडळी, पायलटखाली काय लिहू? फलकावर वीस अक्षरांचीच जागा आहे.

तत्सम: 'मार्जार' ची व्युत्पत्ती तीच आहे, हसण्यावारी नेऊ नका.