मेलबर्न : सासू-सासऱ्यांना काय काय दाखवू? मदत हवी आहे (तातडीचं)

सावळी
नवऱ्याला सुट्टी नाही, त्यामुळे सासू-सासऱ्यांना मेलबर्न मीच फिरवणार आहे. सासऱ्यांना इतिहासाची भयंकर आवड, सासूबाईंना चित्रांची. यादीत आहे : मेलबर्न म्युझियम, एनजीव्ही (चित्रांची नॅशनल गॅलरी), स्टेट लायब्ररी, जुना तुरुंग, एमसीजी (क्रिकेटचं मैदान). क्रम कसा लावू? ट्रॅम सगळीकडे फुकट आहे ना? आज रात्री बुकिंग करायचंय, प्लीज पटकन सांगा. सिडनी सुचवू नका, ती झाली आहे.

चिंचोका
कधी जाताय? उतरणार कुठे? दोघांना चालणं किती झेपतं? याशिवाय काय सांगणार?

फिरस्ता७२
सगळ्यात आधी एमसीजी! १९८५ ला गावसकरच्या टीमने याच मैदानात पाकिस्तानला हरवून वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकली, शास्त्रीला आउडी गाडी मिळाली. आणि २०२० ला अ‍ॅडलेडला आपण ३६ धावांत गारद झाल्यावर इथेच रहाणेचे ११२! मराठी माणसाने टूर घ्यायलाच हवी.

सावळी
सासरे क्रिकेट बघत नाहीत, एमसीजी नवऱ्याने यादीत घातलंय. २४ डिसेंबरला पोचतोय, २८ ला परत. हॉटेल सदर्न क्रॉस स्टेशनजवळ. सासूबाईंचे गुडघे दुखतात, पायऱ्या नकोत.

चिंचोका
अहो, तारखा आधी सांगायच्या ना! २५ ला म्युझियम आणि एनजीव्ही, दोन्ही बंद. २६ ला एमसीजीवर बॉक्सिंग डे टेस्ट सुरू होते, मॅचच्या दिवशी टूर नसते. २५ ला बोटॅनिक गार्डनमध्ये निवांत बसा.

मोगरा_पुणे
३५ नंबरची सिटी सर्कल घ्या. जुनी लाकडी ट्रॅम, फुकट, शहराला चक्कर मारते. आमच्या आईला फार आवडली.

दर्यावर्दी
मोगरा, त्या जुन्या ट्रॅमला चढायला उंच पायऱ्या आहेत, दुखऱ्या गुडघ्यांना कशाला? सावळी, तुम्ही ९६ घ्या. तुमच्या स्टेशनपासून बर्क स्ट्रीटने थेट म्युझियमपर्यंत जाते आणि तिची नवी ट्रॅम कमी उंचीच्या फरशीची आहे, पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. फक्त फुकटचा पट्टा पार्लमेंटला संपतो, पुढे मायकी हे भाड्याचं कार्ड लागतं. एनजीव्हीसाठीही लागेल, ती फ्लिंडर्स स्ट्रीटच्या पुढे नदीपलीकडे आहे.

मोगरा_पुणे
आधार दिला की चढता येतं. आमची आई ७८ वर्षांची आहे.

दर्यावर्दी
तुमच्या आईंचं कौतुकच आहे, पण प्रश्न यांच्या सासूबाईंचा आहे.

अक्षरवेडा
सासऱ्यांना इतिहास आवडतो तर स्टेट लायब्ररी पहिली, म्युझियम नंतर. नेड केली या दरोडेखोराचं चिलखत लायब्ररीत आहे. नांगराच्या पत्र्यापासून केलेलं, गोळ्यांचे पोचे अजून स्पष्ट दिसतात. पायांना संरक्षण नव्हतं, पोलिसांनी तिथेच गोळ्या घातल्या. ज्या रेडमंड बॅरी न्यायाधीशाने त्याला फाशी सुनावली, तोच या लायब्ररीचा संस्थापक. फाशी ११ नोव्हेंबर १८८० ला जुन्या तुरुंगात झाली आणि बारा दिवसांनी बॅरीही गेला. तुरुंग लायब्ररीपासून चालत जाण्याजोगा आहे, पण आत जिने आहेत. सासऱ्यांना एकट्याने जाऊ द्या. लायब्ररी फुकट, तुरुंगाला तिकीट. ख्रिसमसच्या आठवड्यात वेळा बदलतात, बघून घ्या.

फिरस्ता७२
म्युझियम सोडू नका! फार लॅप या शर्यतीच्या घोड्याचं कातडं तिथे भरून ठेवलंय. हृदय कॅनबेराला, सांगाडा न्यूझीलंडला. एका घोड्याचे दोन देशांत तीन भाग.

अक्षरवेडा
घोड्यासाठी तिकीट काढण्यापेक्षा शेजारची रॉयल एक्झिबिशन बिल्डिंग बाहेरून बघा. १८८० ची आहे, जागतिक वारसा यादीत आहे.

रुचकर
शाकाहारी जेवणाचं काय करणार? थेपले न्या, डबाबंद लोणचं विमानतळावर जाहीर करा.

सावळी
@रुचकर, जेवणाचं बघते. ९६ पक्की. आता एनजीव्ही २६ ला उघडी असते का, एवढं सांगा.

दर्यावर्दी
हो, वर्षात फक्त ख्रिसमसला बंद. कायमचा संग्रह फुकट. दारातच काचेवरून पाणी वाहतं, लहान मुलं तळवे टेकवून उभी असतात. आत ग्रेट हॉलचं छत रंगीत काचांचं आहे, लोक खाली आडवे पडून बघतात. सासूबाईंना आडवं व्हायची गरज नाही, मान वर केली की दिसतं. व्हीलचेअर हवी असल्यास आधी फोन करा.

सावळी
म्युझियम २७ ला, एनजीव्ही २६ ला, लायब्ररी २४ ला जमली तर. एमसीजी काढलं, नवऱ्याला मी समजावते.

फिरस्ता७२
निदान बाहेरून तरी दाखवा हो.