गिरगावातल्या जुन्या खोलीत पार्टिशन घालायचंय: वीट, प्लाय, जिप्सम की पॅनल?

खोली नंबर १७
नमस्कार मंडळी. गिरगावात तिसऱ्या मजल्यावर आमची दोन खोल्यांची पागडीची जागा आहे. इमारत १९३० च्या आसपासची. सागवानी खांब, सागवानी तुळया, त्यावर फळ्या, वर कोबा आणि लादी. बाहेरची खोली १० बाय २०, उंची ११ फूट. मुलगी यंदा दहावीला आहे. तिची भूमिती आणि सासूबाईंच्या मालिका एका खोलीत नांदत नाहीत, म्हणून खोलीचे दोन भाग करायचे ठरलंय.

मिस्त्री म्हणतो, "ताई, चार इंची विटेची भिंत घालू, नातवंडांपर्यंत बघायला नको." सुतार प्लायवर अडून बसलाय. दिरांच्या ओळखीचा कॉन्ट्रॅक्टर जिप्सम म्हणतो, आणि चुलतभाऊ रोज सिमेंट पॅनलचे व्हिडिओ पाठवतो. जमलं तर एक पोटमाळाही काढायचा आहे.

अटी तीनच. पावसाळा झेपला पाहिजे, आवाज अडला पाहिजे आणि सासूबाईंचा शिसवी देव्हारा त्याच भिंतीवर लागला पाहिजे. तिसऱ्या अटीवर चर्चा होणार नाही असं मला घरातून कळवण्यात आलं आहे.

उगाचच
पडदा लावा आणि सासूबाईंना हेडफोन घेऊन द्या. हघ्या (हलके घ्या).

मिस्त्रीचाजावई
प्लायच्या वाटेला जाऊ नका. आम्ही लालबागला घातलं होतं. प्लाय चांगला होता, पण आतली चौकट सुताराने कसल्यातरी हलक्या लाकडाची मारली. चौथ्या पावसाळ्यात चौकटीला वाळवी. वरून भिंत ठणठणीत दिसायची, बोट दाबलं की आत जायचं. शेवटी शेजारच्यांचं कपाटही पोखरलं आणि त्यांनी वर्षभर आमच्याशी अबोला धरला.

विटेबद्दल सासरेबुवांना विचारलं. ते म्हणाले, खाली फळ्या असतील तर जो मिस्त्री वीट म्हणतो त्याला चहा पाजून परत पाठवा.

ओळंबा
तुमच्या सासरेबुवांना नमस्कार सांगा.

ताई, भिंत कशाची हा प्रश्न नंतरचा. आधी ती कशावर उभी राहणार ते बघायचं. तुमची भिंत १० फूट लांब आणि ११ फूट उंच, म्हणजे ११० चौरस फूट, साधारण १० चौरस मीटर. चार इंची वीट दोन्ही बाजूंच्या प्लास्टरसकट चौरस मीटरला अडीचशे किलोच्या आसपास जाते, म्हणजे अडीच टन. एएसी ब्लॉक (फुगवलेल्या हलक्या काँक्रीटचे) चार इंची घेतले तरी प्लास्टर धरून टनाच्या वरच. सिमेंटच्या दोन पत्र्यांमध्ये हलकं काँक्रीट भरलेलं ७५ मिमीचं पॅनल साधारण सहाशे किलो. जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या पत्र्याच्या, चौकटीवर दोन्ही बाजूंना १२.५ मिमीचा जिप्सम बोर्ड (कागदाच्या थरांत प्लास्टर) घेतला तर सगळं मिळून अडीचशे किलो. विटेच्या वजनाचा दहावा हिस्सा.

आता दुसरी बाजू. आजच्या आयएस ८७५ या भारतीय मानकाप्रमाणे राहत्या घराच्या जमिनीवर माणसं, सामान असा चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरतात. तुमची अख्खी खोली साडेअठरा चौरस मीटर, म्हणजे पावणेचार टनांच्या आत. त्यातले अडीच टन एका चार इंच रुंद पट्टीत ठेवायचे, तेही ९० वर्षांच्या लाकडावर? तुमची इमारत तर या कोडच्याही आधीची. सागवान दगा देत नाही म्हणतात ते खरंय, पण तुळईचं जे टोक भिंतीत घुसलेलं असतं तिथे ओल लागून ते आतून भुसभुशीत होतं. बाहेरून काही दिसत नाही.

एएसी वाईट नाही. एरिक्सन नावाच्या स्वीडिश आर्किटेक्टने १९२० च्या दशकात ते शोधलं. चुन्या-सिमेंटच्या लगद्यात ॲल्युमिनियमची भुकटी घातली की हायड्रोजन सुटतो, लगदा ढोकळ्यासारखा फुगतो, आणि मग तो वाफेच्या दाबाखाली पक्का करतात. आरसीसीच्या इमारतीत मी डोळे मिटून एएसी सांगेन. फळ्यांवर नाही.

एक काम करा. खालच्या मजल्यावर ज्यांचं घर आहे त्यांच्याकडे चहाला जा आणि त्यांच्या छताकडे बघा. तुळया कुठल्या दिशेने गेल्यात, दोन तुळयांत अंतर किती, कुठे झोळ किंवा ओल आहे का, ते इथे येऊन सांगा. तुमची भिंत तुळयांना आडवी असेल तर वजन चार-पाच तुळयांत वाटलं जाईल. समांतर असेल आणि दोन तुळयांच्या मध्ये आली, तर सगळं वजन नुसत्या फळ्यांवर.

कारवी
अवांतर: कोकणातल्या आजोळी मधल्या भिंती कुडाच्याच होत्या. कारवीच्या काठ्या उभ्या लावायच्या, आडव्या कामट्यांनी बांधायच्या, दोन्ही बाजूंनी माती-शेणाचा लेप. चौकट आणि त्यावर पातळ कातडं. हे जिप्सम म्हणजे तोच कुड, फक्त कारवीच्या जागी पत्रा आला. आमचा कुड उंदीर पोखरायचे, तुमच्याचं काय ते माहीत नाही.

टॉवरवासी
यात माझाही प्रश्न घुसवतो. कांजूरमार्गला नवीन टॉवरमध्ये राहतो. बेडरूममधली एक भिंत काढून तिथे असंच हलकं पार्टिशन सरकवायचंय. चालेल?

ओळंबा
इमारत मायवान पद्धतीने बांधलेली असेल तर त्या भिंतीला हात लावायचा नाही. ॲल्युमिनियमच्या साच्यात भिंत आणि स्लॅब एकत्र ओततात, त्यामुळे तुम्हाला जी नुसती भिंत वाटते तीच तुमच्या डोक्यावरचे मजले पेलत असते. सोसायटीकडून स्ट्रक्चरल ड्रॉइंग मागून घ्या. ठोकून पाहा, खिळा वाकला तर काय ते समजा.

खोली नंबर १७
गेले होते चहाला. वर कांदेपोहे झाले आणि तासभर रिडेव्हलपमेंटवर चर्चा झाली. तुळया खोलीच्या रुंदीत गेल्यात, म्हणजे १० फुटांच्या दिशेने. माझी भिंतही त्याच दिशेने येणार. म्हणजे समांतर ना? दोन तुळयांमध्ये सव्वा फूट अंतर आहे. ओल कुठे दिसली नाही, फक्त मोरीजवळच्या एका तुळईवर पांढरट डाग आहे.

ओळंबा
समांतर. मग भिंत चार-सहा इंच इकडे-तिकडे सरकवून बरोबर तुळईच्या डोक्यावर आणा. मुलीची खोली ९ फूट ८ इंचांची झाली तर दहावी नापास होणार नाही. अडीचशे किलो तीन मीटरवर पसरलं की मीटरला ऐंशी-पंचाऐंशी किलो, भरलेल्या लोखंडी कपाटापेक्षाही कमी. जागा खालून मोजून वर उतरवा, अंदाजाने नको. डाग असलेली तुळई मात्र माहीतगार माणसाकडून टोचून तपासून घ्या, पार्टिशन होवो न होवो.

पोटमाळ्याचं मी आत्ताच नाही म्हणतो. ११ फुटांत वरखाली केलं तर दोन्हीकडे साडेपाच फूटसुद्धा मिळत नाहीत, धड कुणी उभं राहणार नाही. शिवाय माळ्याच्या जमिनीसाठी १८ मिमीचा बायसन बोर्ड (सिमेंट आणि लाकडाच्या भुशाचा) एकटाच चौरस मीटरला बावीस-तेवीस किलो, आठ बाय चारचा एक पत्रा ६५ किलोच्या वर. चौकट, सामान, माणसं मिळून टन-दीड टन कुठेतरी टेकवावं लागेल. महापालिकेच्या लेखी ते वाढीव बांधकाम होईल, तो ताप वेगळाच. मुलीला उंच पलंग करा, खाली अभ्यासाचं टेबल. नटबोल्टचा केलात तर घर बदलताना उचलून नेता येईल.

परळची पोर
मी इंटिरियरची साइट बघते, त्यामुळे या विषयावर दोन शब्द जास्त बोलणार.

जिप्समला मत. पण जिप्सम पार्टिशन बोर्डमुळे फारसं बिघडत नाही, सांध्यांत आणि चौकटीत बिघडतं. दर विचाराल तेव्हा आधी हे विचारा की दर एका बाजूचा की दोन्ही बाजूंचा, आणि त्यात टेप-जॉइंटिंग, म्हणजे सांधे टेप लावून बुजवणं, धरलंय का. मग चौकटीच्या पत्र्याची जाडी. लोकल चॅनल (चौकटीची पत्र्याची पट्टी) इतका पातळ येतो की हाताने पिळता येतो. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा घ्या, कडेवर जस्ताचा थर नीट बघा. गिरगाव म्हणजे चौपाटी हाकेच्या अंतरावर, खारी हवा आधी स्क्रूची डोकी खाते. काळे ड्रायवॉल स्क्रू पुट्टीतून गंजाचे ठिपके बनून वर येतात. मोरीच्या बाजूला तरी एसएसचे (स्टेनलेस स्टीलचे) वापरा.

स्टड, म्हणजे चौकटीच्या उभ्या पट्ट्या, दोन-दोन फुटांवर मारतात. तुम्ही सव्वा-दीड फुटावर मारायला सांगा, वजनात फारसा फरक पडत नाही, भिंत मात्र ढोल वाजल्यासारखी वाजत नाही.

आता खरी गोम. तुमची जमीन लाकडी आहे, वरच्यांचीही. वर कुणी मूल धावलं की तुमचं छत एकदोन मिलिमीटर खाली येतं. कारागीर स्टड वरच्या चॅनलला घट्ट स्क्रू करतो, बोर्ड छताला चिकटवतो, आणि गणपतीत वर पाहुणे आले की भिंतीच्या वरच्या कडेला तडा. म्हणून स्टड सेंटिमीटरभर आखूड कापून वरच्या चॅनलमध्ये नुसता खुपसून ठेवायचा. ना स्टडचा स्क्रू वरच्या चॅनलमध्ये, ना बोर्डचा. वरची फट सीलंटने भरायची. कारागीर म्हणेल "मॅडम, हलेल." हलू दे, त्यासाठीच आहे ते.

खाली बोर्ड लादीपासून सेंटिमीटरभर वर ठेवा, नाहीतर रोजच्या लादी पुसण्याचं पाणी जिप्सम वातीसारखं वर ओढतं. मोरीच्या बाजूला हिरवा, ओल सोसणारा बोर्ड किंवा खालचे चार फूट फायबर सिमेंटचा बोर्ड.

आवाजासाठी आत ५० मिमीचं रॉकवूल (दगडी लोकर) भरा आणि मालिकेच्या बाजूला बोर्डचा दुसरा थर द्या. नव्वदेक किलो वाढतील, ओळंबाकाका, चालेल ना? दोन थरांचे सांधे एकावर एक येऊ देऊ नका. दोन्हीकडचे स्विचबोर्ड पाठीला पाठ लावून बसवू नका, सगळा आवाज तिथूनच येतो.

ओळंबा
चालेल. भिंत तुळईवर असेल तरच.

मिस्त्रीचाजावई
पण आग? जुनी लाकडी इमारत, वर देव्हाऱ्यात समई.

परळची पोर
जिप्सम तिथे उजवाच आहे. त्याच्या वजनाचा पाचवा हिस्सा स्फटिकात अडकलेलं पाणी असतं. आगीत आधी ते पाणी वाफ होऊन जातं, तोवर पलीकडची बाजू फारशी तापत नाही. पीव्हीसी पॅनल किंवा नुसत्या थर्माकोलचं सँडविच लाकडी इमारतीत कुणी फुकट दिलं तरी घेऊ नका. तरी समई आणि भिंत यांत अंतर ठेवाच.

कागदकिडा
मला जुनी पेटंटं वाचायचा नाद आहे, म्हणून हे. जिप्सम बोर्डचा पूर्वज १८९४ चा, अमेरिकेत सॅकेट नावाच्या गृहस्थाचं पेटंट. कागदाच्या थरांत प्लास्टर. म्हणजे 'नवीन टेक्नॉलॉजी' म्हणून तुमचे चुलतभाऊ जे पाठवतायत त्यातलं बरंचसं तुमच्या इमारतीपेक्षा म्हातारं आहे.

आणि तुकड्यातुकड्यांनी आणून जोडलेली इमारत बघायची तर काळाघोड्याला जा. एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे पूर्वीचं वॉटसन हॉटेल. १८६० च्या दशकात त्याची बिडाची चौकट इंग्लंडमध्ये ओतून जहाजाने इथे आणली आणि जागेवर जुळवली. १८९६ च्या जुलैत ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रं तिथेच दाखवली गेली. पुढे आत पार्टिशनं घालघालून त्याच्या खुराड्यांसारख्या खोल्या झाल्या, तेवढं मात्र तुमच्या प्रश्नाशी जुळतं.

स्क्रू पकडायला भिंतीच्या भोकात बसवतात त्या गिट्टीचा इतिहास तर भारीच. ब्रिटिश म्युझियममध्ये भिंती न बिघडवता विजेची कामं करायची होती, म्हणून रॉलिंग्ज नावाच्या कंत्राटदाराने ताग आणि जनावराचं रक्त वापरून गिट्टी बनवली, १९११ चं पेटंट. नायलॉनची गिट्टी फिशरची, १९५८. देव्हाऱ्याखाली कुठली वापरणार ते सासूबाईंना सांगू नका.

उगाचच
म्हणजे माझा पडदाच सात्त्विक.

खोली नंबर १७
सगळ्यांचे आभार. पोटमाळा रद्द, वीट रद्द. मिस्त्री रागावलाय, त्याला मोरीचं काम दिलं. घरमालकाचं परवानगीचं पत्र मिळेलसं दिसतंय. आता राहिला देव्हारा. जिप्समवर टिकेल का?

परळची पोर
नुसत्या बोर्डवर नाही टिकणार, मग फिशरची गिट्टी लावा की बोर्डमागे पंख उघडणारा फुलपाखरू बोल्ट. भिंत बंद करायच्या आधी त्या जागी दोन स्टडच्या मध्ये १८ मिमीच्या प्लायची रुंद पट्टी आडवी बसवून घ्या, वाळवीचं औषध मारून. देव्हाऱ्याचा स्क्रू त्या पट्टीत गेला पाहिजे, आणि तो जाड लाकडाचा स्क्रू हवा. काळा ड्रायवॉल स्क्रू ठिसूळ असतो, वजनाला मान टाकतो. टीव्हीच्या जागीही तसंच. मग टेप धरून फोटो काढा, जमिनीपासून किती, कोपऱ्यापासून किती. सहा महिन्यांनी पट्टी कुठे होती ते कुणालाच आठवत नाही. आणि देव्हाऱ्याचं वजन आधी करा.

आणि हो, कागदपत्रं. इमारत १ सप्टेंबर १९४० च्या आधीची, उपकर (सेस) भरत असाल तर 'अ' वर्गात येते. मालकाचं पत्र घ्याच, म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाच्या कार्यालयातही विचारून ठेवा. स्क्रूची भिंत असल्याने उद्या दुरुस्तीला यायचे झाले तर अर्ध्या दिवसात उतरते, हे त्यांना आवर्जून सांगा.

खोली नंबर १७
देव्हारा वजनकाट्यावर चढवला. आधी काटा गोमूत्राने पुसून घ्यावा लागला. २३ किलो, घंटा आणि शंख सोडून. सासूबाई म्हणाल्या, देवांचं वजन धरू नका, ते स्वतःचं स्वतः सांभाळतात.

काम दिवाळीनंतर सुरू. एक शेवटचं, नागदेवी स्ट्रीटला एसएसचे स्क्रू सुटे मिळतात की अख्खा खोका घ्यावा लागतो?

मिस्त्रीचाजावई
खोकाच घ्या, सुट्यात गल्लत होते. उरलेले मला द्या, आमचं पार्टिशन अजून व्हायचंय.