भांगाची भरतीही महागात पडते

समुद्राच्या भरतीचा धोका म्हटलं की सगळी चर्चा पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाची होते, पण इतिहासात भांगाच्या भरतीनेही, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या कमी चढणाऱ्या भरतीनेही, दणका दिलाय. २० नोव्हेंबर १९४३, दुसरं महायुद्ध, पॅसिफिकमधलं तारावा हे प्रवाळबेटांचं कडं. अमेरिकी मरीन सैनिक तिथल्या जपानच्या ताब्यातल्या बेटिओ बेटावर उतरत होते. अष्टमीच्या सुमाराचा चंद्र, त्यात तो पृथ्वीपासून जवळपास सर्वांत लांब, म्हणजे त्याची ओढ आणखी कमी. भरती आलीच नाही म्हणा ना! होड्यांना साधारण चार फूट पाणी हवं होतं, प्रवाळाच्या कड्यावर तेवढं तासन् तास मिळालं नाही. सैनिक शेकडो मीटर पाण्यातून चालत निघाले, समोरून मशीनगनचा मारा. त्या लढाईत हजारावर अमेरिकी गेले. सगळं खापर चंद्रावर फोडणं मात्र पटत नाही. त्या बेटांवर अनेक वर्षं राहिलेल्या मेजर फ्रँक हॉलंड यांनी कमी पाण्याचा इशारा आधीच दिला होता.