त्रेसष्ट की साठ तीन?

सीमेवरची_बाई
दुसरीचा वर्ग आहे माझा. श्रुतलेखनाला मी म्हणते, "त्रेपन्न." पहिल्या रांगेतला मुलगा ओठ हलवत "त्रे... त्रे..." करतो, पाटीवर आधी 3 काढतो आणि डावीकडे मुद्दाम राखलेल्या जागेत नंतर 5 बसवतो. उत्तर बरोबर. शेजारणीने जागा राखलेली नसते, तिचे 35 होतात. आणि तिला कळतही नाही की चुकलं कुठे, कारण ऐकलं त्याच क्रमाने तिने लिहिलेलं असतं.

2019 चा गदारोळ आठवतोय का? बालभारतीने दुसरीच्या गणितात "सत्तावीस"च्या जोडीला "वीस सात" असंही वाचन दिलं. समितीच्या अध्यक्ष होत्या गणितज्ञ मंगला नारळीकर. विधानसभेत थट्टा झाली, फोनवर विनोद फिरले, मराठी बुडाली म्हणून गळे काढून झाले. जुने शब्द त्याच पुस्तकात जागच्या जागी होते, हे बघायला मात्र फारसं कुणी पान उलटलं नाही.

माझं मत सरळ आहे: आधी "वीस सात", हात बसला की "सत्तावीस". माझ्या वर्गातली निम्मी मुलं घरी कन्नड बोलतात. त्यांना "अरवत्तमूरू" म्हटलं की 63 बिनचूक येतात, कारण त्या शब्दात साठ आधी आणि तीन नंतर. त्याच मुलाला "त्रेसष्ट" म्हणा, 36 लिहून मोकळा!

पाढेवाला
बाई, राग मानू नका, पण ही कुबडी आहे आणि कुबडीची सवय लागते. "सात साते एकोणपन्नास" म्हणा, मग "सात साते चाळीस नऊ" म्हणून बघा. पाढा लयीवर चालतो. ती लय मोडली की पाठांतर गेलं, आणि पाठांतर गेलं की पाचवीतलं पोर भागाकाराला बोटं मोजत बसतं.

दुसरं, तेव्हा जोडाक्षरं अवघड जातात असंही कारण दिलं होतं. अहो, सहा वर्षांचं पोर "क्रिकेट" आणि "स्ट्रॉबेरी" न अडखळता म्हणतं, त्याला "त्रेसष्ट" कसलं जड? भाजीवाली "साठ तीन रुपये झाले" म्हणणार आहे का? आम्ही पावकी-दिडकीपर्यंत पाठ केलं, काही बिघडलं नाही.

उलटसुलट
"आम्ही शिकलो" हा पुरावा नव्हे, काका. जे शिकले नाहीत ते चौथीत शाळा सोडून गेले, ते इथे उत्तर द्यायला येणार नाहीत.

आणि तुमच्या एकोणपन्नासाबद्दलच बोलू. त्यात ऐकू येतो "पन्नास", लिहायचा असतो चाळिशीतला आकडा. माझी भाची एकोणसाठला 69 लिहायची. एकोणीस, एकोणतीस करत एकोणनव्वदपर्यंत वजाबाकी करायची, आणि 99 ला अचानक नव्याण्णव, तिथे बेरीज! नियम शोधणाऱ्या मुलाला आपण दर दहा पावलांवर पाडतो, वर म्हणतो लक्ष नाही.

म्युनिकचा_मावळा
इथे जर्मनीत 53 ला "ड्रायउंडफ्युन्फत्सिश" म्हणतात, म्हणजे तीन आणि पन्नास. आपल्यासारखंच उलटं. माझी मुलगीही सुरुवातीला अंक उलटेपालटे लिहायची, वर्षभरात थांबली. त्यासाठी जर्मन लोकांनी शब्द बदलले नाहीत. नॉर्वेने बदलले, 1951 पासून सरकारी पातळीवर दहाई आधी आणली. तरी तिकडे आजही जुन्या पद्धतीने बोलणारे भेटतात. भाषा सरकारी फतव्याने हलत नाही.

सीमेवरची_बाई
फतवा कुणी काढलाय? मी वर्गातल्या पहिल्या दोन-तीन महिन्यांबद्दल बोलतेय. आणि तुमची मुलगी वर्षभर अडखळली ना? माझ्याकडे तेवढ्याच काळात बेरीज, वजाबाकी, हातचा सगळं उरकायचं असतं. पहिली आणि दुसरी एकाच खोलीत, शिक्षिका मी एकटी.

काडीगठ्ठा
दोघंही शब्दांवर भांडताय. मी बावीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत काढली. खराट्याच्या काड्या आणि रबर, एवढंच सामान. दहाचा एक गठ्ठा, उरलेल्या सुट्या. 53 म्हणजे पाच गठ्ठे डावीकडे, तीन सुट्या उजवीकडे. मुलाने ते स्वतःच्या हाताने दहा वेळा बांधलं-सोडलं की "त्रेपन्न" म्हणा नाहीतर "पन्नास तीन" म्हणा, तो गठ्ठेच बघतो.

एकोणसाठ तर मला आवडतो. सहा गठ्ठे मांडायचे, एक सोडायचा, त्यातली एक काडी काढून खिशात टाकायची. "एक उणे साठ, तो एकोणसाठ!" एकदा पाहिलेलं पोर जन्मात 69 लिहीत नाही. शब्दातच कृती आहे, आपणच ती काढून टाकली आणि नुसता घोष ठेवला.

काका, तुमच्या पाढ्यांना माझा विरोध नाही. फक्त काड्यांच्या नंतर.

पाढेवाला
काड्या मान्य. आमच्या गुरुजींकडे चिंचोके होते. पण "साठ तीन" अजून मान्य नाही.

सीमेवरची_बाई
काड्या माझ्याकडेही आहेत, सर. पण मांडून झाल्यावर मूल ते मोठ्याने वाचतं ना? पाच गठ्ठ्यांकडे बोट दाखवून तोंडाने "त्रे" म्हणायचं, तिथेच गाडी अडते. बोट आणि जीभ एकाच दिशेने जावी म्हणून तेवढ्यापुरतं "पन्नास तीन".

उलटसुलट
मुलांचं राहू द्या. काल बाबांनी मला फोन नंबर सांगितला, "अठ्ठ्याण्णव, बावीस, त्रेपन्न..." कागद असता तर बाईंच्या विद्यार्थ्यासारखी डावीकडे जागा राखली असती. मोबाइलवर ती सोय नाही. "त्रे" ऐकलं, अंगठा 3 वर गेला, "पन्न" येईपर्यंत आकडा उमटलेला. तीनदा खोडलं. शेवटी बाबाच वैतागून म्हणाले, "अगं, पाच-तीन!"

पाढेवाला काका, माझे बाबा तुमच्याच पिढीतले आहेत.