आकाशगंगेच्या फोटोतला नॉइज कसा कमी करू? मदत हवी आहे

मंडळी, परवा अमावास्येला पहाटे कणकुंबीच्या माळावर गेलो होतो. वृश्चिक रास वर आली आणि आकाशगंगा नुसत्या डोळ्यांनी दिसली. आपल्या खानापूर तालुक्यात अजून असा अंधार शिल्लक आहे, याचं फार समाधान वाटलं.

कॅमेऱ्याची सेटिंग्ज: क्रॉप सेन्सर (फुल-फ्रेमपेक्षा लहान), १८ मिमी, एफ/३.५, २० सेकंद, आयएसओ ३२००. फोटोत मात्र नॉइज, म्हणजे लाल-हिरवे ठिपकेच ठिपके. सॉफ्टवेअरमध्ये नॉइज रिडक्शन वाढवलं की बारीक तारेही पुसले जातात.

१६ फोटो स्टॅक केले (एकावर एक जुळवून त्यांची सरासरी काढली) तर नॉइज चौथाईवर येतो म्हणून तेवढे काढलेत. पण तारे फोटोगणिक सरकलेले असल्याने ते जुळवले की खालची झाडं फरफटतात. जमिनीचा भाग वेगळा स्टॅक करून जोडायचा का? आणि सेन्सरचा स्वतःचा नॉइज वजा करण्यासाठी लेन्सला झाकण लावून काढायच्या डार्क फ्रेम तिथल्या थंडीत राहून गेल्या. आता घरी काढल्या तर चालतील?